पन्नास हर्ट्झच्या गुरगुरीस खुले पत्र

गुरगुरी,

मायना मुद्दाम कोरडा ठेवलाय. तुझ्याबद्दल आदर नाही, माया तर नाहीच. रामनगरातल्या आमच्या मागच्या खोलीत पोरं मेटल रेकॉर्ड करायला बसतात आणि त्यांच्याआधी तू वाजतेस. तारेला बोट लागलेलं नसतं, तरी स्पीकरमधून तुझा तो जाड, एकसुरी आवाज सुरू. कुणी बोलावलं होतं तुला?

तू कुठली ते मला पक्कं ठाऊक आहे. तू आमच्याच जोयडा तालुक्याची. गणेशगुडीला सुपा धरण काळी नदी अडवतं, पायथ्याच्या वीजघरात 50-50 मेगावॉटचे दोन संच फिरतात, आणि तिथून निघणारी वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते. 31 डिसेंबर 2013 ला दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडशी जोडली गेली, तेव्हापासून सगळा देश याच एका लयीत चालतो. ही लय सांभाळणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. या विजेसाठी जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तिथली कुटुंबं रामनगरला येऊन राहिली. एवढं मोल देऊन मिळालेल्या विजेच्या पाठीवर बसून तू फुकट येतेस आणि त्याच गावातल्या पोरांची गाणी नासवतेस, म्हणून हे पत्र.

आत शिरायची तुझी वाट सरळ आहे. गिटारचा पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उमटते. पण समोर तार हलतेय की शेजारी ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर चालू आहे, हे त्या वेढ्यांना कळत नाही. चुंबकीय क्षेत्र हललं की ते बोलतात. भजनात किंवा सिनेमाच्या गाण्यात गिटार स्वच्छ वाजते, तिथे तू दबून असतेस. हार्ड रॉक आणि मेटलमध्ये मात्र डिस्टॉर्शन लागतं. ते मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज वर उचलतं. म्हणजे पोरगा जितकं डिस्टॉर्शन वाढवील तितकी तू फुगतेस. कानामागून आलीस आणि तिखट झालीस!

आणि तू चोरतेस ते नेमकं शांततेतलं. मेटलचा रिफ हाताच्या कडेने तारा दाबून वाजवतात. दोन घावांच्या मधे जी कोरी फट राहते तिच्यामुळे पुढचा घाव छातीवर बसतो. ती फट तू भरून टाकतेस. मग नॉइज गेट लावा म्हणतात. लावला. गेट फटीतली गुरगुर कापतो, पण लांब धरलेल्या स्वराचं शेपूटही त्याच्याबरोबर जातं, आणि स्वर चालू असताना तू त्याच्याखाली असतेसच. सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी साधारण 98 हर्ट्झचा, आणि तुझ्या दुप्पट कंपनांचा उपस्वर 100 चा. दोघं एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे येतात आणि पोराला वाटतं आपली गिटार बेसूर आहे. नंतर संगणकावर 100 हर्ट्झ कापायला जावं तर गिटारचं पोटच कापलं जातं. एकदा रेकॉर्ड झालीस की तू निघत नाहीस. तुला अडवायचं तर गिटार निवडतानाच.

माझ्या भाच्याला ते कुणी सांगितलं नाही. शहरातल्या एका दुकानात त्याला लाकूड दाखवलं, रंग दाखवला, टोकदार शिंगांचा आकार दाखवला. फिंगरबोर्ड शिसवीचा आहे हे कौतुकाने सांगितलं. शिसव आमच्या घाटाचं झाड, तिचा अभिमान मला आहेच. पण शिसवीने तू थांबत नाहीस. त्या गिटारवर तिन्ही पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे वेढ्यांचं एकच वेटोळं असलेले, होते, हे घरी आल्यावर कळलं.

तू म्हणशील, सिंगल कॉइलवर थोर संगीत झालंय. झालंय. टोनी आयोमीने ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड 1969 मध्ये वाजवली तेव्हा त्याच्या एसजी गिटारवर पी-90 जातीचे सिंगल कॉइल होते. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात बोटांची टोकं गमावलेल्या माणसाने ते वाजवलं, आणि स्टुडिओत, जाणत्या हातांखाली वाजवलं. इथे खोली दहा बाय बारा, गिटारपासून हातभरावर ॲम्प आणि संगणक.

तुझ्यावरचा उतारा गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने शोधला. 1955 मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला, 1957 पासून त्याचा हंबकर गिटारींवर बसू लागला. शेजारी शेजारी दोन कॉइल, वेढे उलट, चुंबकाचे ध्रुवही उलट. तू दोन्हीत शिरतेस, पण एकीत उभी आणि दुसरीत उलटी, म्हणून स्वतःलाच पुसून टाकतेस. तारेचा आवाज मात्र दोन्हीकडे सारखा उमटतो आणि त्याची बेरीज होते. सत्तर वर्षं होत आली, यापेक्षा सुंदर काही मी पाहिलेलं नाही. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डने पुढे बॅटरीवर चालणारे ईएमजी पिकअप घेतले, त्यांतही हाच उलट-सुलट जोड आहे. 30 ऑक्टोबर 2011 ला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर त्याचा बँड वाजला. त्या संगीतात थांबा म्हणजे थांबा असतो.

म्हणून पोरांनो, (तिला लिहितोय, पण तुम्हीही वाचा) दुकानात गिटार हातात घ्या, ॲम्पचा गेन पूर्ण वाढवा आणि काही वाजवू नका. तारांवरचा हात काढा. ऐका. ब्रिजजवळचा पिकअप हंबकर हवा, बाकीचे दुय्यम. हंबकरची एकच कॉइल चालू ठेवणारं कॉइल स्प्लिटचं बटण असेल तर ते ओढून पाहा, गुरगुरी लगेच परत येईल. रेकॉर्डिंगला ते ओढायचं नाही. जाड तारा सैल करून वाजवायच्या असतील तर 648 मिलिमीटरची लांब स्केल घ्या. तरंगणारा ब्रिज पहिल्या गिटारला नको, एक तार ढिली केली की बाकीच्या पाच बिघडतात. ब्रँड त्यानंतर. रंग अगदी शेवटी.

गुरगुरी, तुझी धाकटी बहीण झरझर, तिचाही हिशेब आहे. ती दिव्यांच्या डिमरमधून, चार्जरमधून, पावसाळ्यात वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरमधून येते. तिला हंबकर पुरत नाही. गिटारच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवावी लागते आणि घराचं अर्थिंग नीट लागतं. आमच्याकडे जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं नाही तर तिसऱ्या पिनला अर्थ उरत नाही. हे केवळ आवाजाचं प्रकरण नाही. स्टोन द क्रोज या बँडचा लेस हार्वी 3 मे 1972 ला स्वान्सीच्या मंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून गेला. हातात गिटार होती. तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवायचं आणि वायरमनला बोलवायचं, हा आमच्या खोलीचा नियम आहे.

भाच्याची गिटार आम्ही परत केलेली नाही. सिंगल कॉइलच्या खाचेत बसेल असा अरुंद हंबकर मिळतो, लाकूड कोरावं लागत नाही. तो मागवलाय, बसवायचं काम सोल्डरिंगचं, तेवढं आम्हाला येतं. तोवर भाचा लॅपटॉप बॅटरीवर चालवतो, ॲम्प खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो आणि खुर्ची हळूहळू फिरवत तू सर्वांत बारीक होशील तो कोन शोधतो. सापडला की खडूने जमिनीवर खूण करतो.

रामनगर, ता. जोयडा