मुकादमाचा आवाज

साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला कांद्याचा भाव दोन रुपयांनी घसरला, तर त्यामागची आवक, अवकाळी आणि निर्यातबंदी उभ्याउभ्या उकलून सांगणारी माणसं मिळतील. थायरॉईडच्या रिपोर्टपुढे मात्र हीच माणसं शरणागत होतात. टीएसएच ६.८, शेजारी ठळक ‘एच’, पलीकडे बारीक अक्षरांत ०.४ ते ४.५. घरी पोचेपर्यंत निकाल लागलेला असतो: थायरॉईड वाढला! माझं म्हणणं, निकाल नेमका उलटा लागलाय. टीएसएच गळ्यातल्या ग्रंथीत तयारच होत नाही. तो मेंदूखालच्या पिट्युटरीचा. पिट्युटरी मुकादम, थायरॉईड मजूर आणि टी-४ म्हणजे झालेलं काम. मजूर ढेपाळला की मुकादमाचा आवाज चढतो, मजूर अंगाबाहेर काम करू लागला की मुकादम गप्प. त्यात हा मुकादम महातापट. टी-४ निम्म्यावर आला तर टीएसएच सुमारे शंभरपट चढू शकतो. तेव्हा ६.८ पाहून ‘दीडपट आजार’ असा हिशेब मांडू नये. टी-४ जागेवर असेल तर काम अजून चाललंय, नुसती आरडाओरड सुरू झालीय.

मग लॅबवाले ‘एच’ छापतात कशाला, असं कुणी म्हणेल. आकडा चौकटीबाहेर गेला म्हणून. पण ती चौकटच अशी आखतात की शंभर धडधाकट माणसांतली पाचेक बाहेर राहावीत. शिवाय टीएसएच रात्री चढतो, दुपारी उतरतो, उतारवयात थोडा वाढतो, मोठ्या आजारातून उठताना उसळतो. म्हणून आकडा किंचितच वर असेल तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. त्याला हयगय म्हणू नये. १० च्या वर गेला किंवा बाई गरोदर असली, तर मात्र थांबायचं नाही. पुढचा आक्षेप जिव्हाळ्याचा: मग हे वजन कशानं वाढलं? ग्रंथी खरोखर मंदावली तरी वजन वाढतं ते बेताचं, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी. उरलेल्याचा जाब शेवभाजीच्या तर्रीला विचारावा. पण तिच्यावर संशय घ्यायची खानदेशात कुणाची छाती नाही.

खरी गंमत केसांच्या गोळ्यांची. थायरॉईड मंदावला की केस गळतात, केस गळतात म्हणून बायोटिन सुरू होतं, आणि काही यंत्रांवर त्याच बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी, टी-४ खोटाच जास्त दिसतो. मजूर झोपलेला, मुकादम बोंबलतोय आणि रिपोर्टात सगळं आलबेल! डॉक्टरांना विचारून गोळी दोनेक दिवस आधी थांबवली की भागतं. पण रक्त देताना जो तो विचारतो, उपाशीपोटी यायचं का? त्याची या तपासणीला सहसा गरज नसते. गोळीचं मात्र कुणी काढत नाही.