परतीचे किलोमीटर

मला कुणी ड्रायव्हर म्हटलेलं चालत नाही. मी छोट्या मालवाहू गाडीचा मालक आहे. कागदोपत्री माझ्या नावाखाली बँकेचंही नाव आहे, पण ते हप्ते फिटेपर्यंत. गाडी चालवतो मीच, कारण मालकाला ड्रायव्हर परवडत नाही.

शिवाय मी बी.कॉम. आहे. ती पदवी वाया जाऊ नये म्हणून दरपत्रक छापलं, लॅमिनेट केलं आणि केबिनमध्ये टांगलं : किलोमीटरला 20 रुपये, थांबण्याचे वेगळे, हमाली गिऱ्हाइकाची. चंद्रपूरच्या आमच्या स्टँडवर असा थाट दुसऱ्या कुणाचा नाही. गिऱ्हाईक ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतं, मान डोलावतं आणि विचारतं, "ते राहू द्या जी, घ्याल किती?"

एका सद्गृहस्थांना गडचिरोलीला कपाट आणि कुलर न्यायचा होता. त्यांनी किलोमीटरला 12 रुपये देऊ केले. अंतर 80 किलोमीटर, म्हणजे 960 रुपये. माझी गाडी लिटरला 15 देते, जाऊन-येऊन 160 किलोमीटरला पावणेअकराच्या आसपास लिटर, डिझेल 90 धरलं (असतं त्याहून जास्तच) तरी 960 रुपये. जमा 960, खर्च 960. टायर, ऑइल, विमा, हप्ता आणि वाटेत मूल गावी चहा, सगळं शून्यात. कॉलेजात माझा ताळेबंद कधी इतका चोख जुळला नव्हता.

"अन् परतीचं?" मी विचारलं.

"वापस तं तुमाले याचंच हाये ना जी! घर तं चंद्रपुरातच हाये तुमचं."

यावर काय बोलणार? गडचिरोलीत दुसरं घर बांधावं म्हटलं, तर मग जातानाही मी घरीच निघालेलो असणार आणि उरलेले 960ही हातचे जायचे.

परतीचा माल मिळवावा म्हटलं, तर तिथून निघतं ते आमच्या मापाचं नसतं. तेंदूपानाचे बोरे ट्रकांतून जातात, बांबू माझ्या गाडीपेक्षा लांब असतो आणि सुरजागडचं लोहखनिज ज्या धुडांतून निघतं, ती समोरून आली की मालक असूनही मी मुकाट्याने गाडी रस्त्याखाली घेतो. आलापल्लीच्या पुढे तर किलोमीटर हे माप लावूच नये. पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की किलोमीटर शून्य आणि मुक्काम पाणी उतरेपर्यंत.

दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. एकदा साऊंडचं सामान नेलं होतं. सकाळी थांबण्याचे पैसे मागितले, तर उत्तर आलं, "नाटक फुकट पाह्यलं ना तुमी?" पाहिलं होतं, हे खरं. खलनायकाला शिव्याही मीच घातल्या होत्या.

आता माझ्या गाडीबद्दल थोडं. थोडंच म्हणतो, पण ते थोडं राहत नाही असा घरच्यांचा अनुभव आहे. ही जात 2005 साली बाजारात आली, टाटा एस नावाने. गिरीश वाघ या मराठी माणसाच्या हाताखालच्या चमूने ती घडवली. लोकांनी बारसं केलं छोटा हत्ती. पहिल्या गाडीची ताकद 16 अश्वशक्ती, म्हणजे 16 घोडे मिळून एक हत्ती, तोही छोटा. मला या नावाचा फार अभिमान आहे, कारण आमच्याकडे खरे हत्तीही याच धंद्यातले. अहेरी तालुक्यात कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. या हत्तींनी जंगलातली लाकडं ओढली, म्हणजे आम्ही एकाच व्यवसायातले. फरक एवढाच, की ते शासकीय सेवेत लागले. त्यांना रेशन ठरलेलं. थंडीत काही दिवस पूर्ण रजा, वर पायांना जडीबुटीचा गरम लेप. चारही पायांना! माझ्या गाडीचा एक टायर बदलायचा तर मला सोनाराकडे गेल्यासारखं वाटतं.

2022 साली या भागातले काही हत्ती गुजरातेत जामनगरला न्यायचं ठरलं. लोक चिडले, निवेदनं दिली, मोर्चे निघाले. ताडोब्यातले आणि पातानीलचे गेले, कमलापूरचे राहिले. मलाही वाईट वाटलं, पण रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणाने : हजार किलोमीटरच्या वर अंतर, हत्तीसारखा माल आणि तोही एकमार्गी! किलोमीटरला काय दर लागला असेल? परतीचं धरलं असेल की नाही? की तिथेही कुणी म्हणालं असेल, वापस तर तुम्हाला यायचंच आहे?

त्याच्या आदल्या वर्षी छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप आपणहून गडचिरोलीत आला. त्यांना परमिट लागत नाही. मलाही लागत नाही, एकूण वजन 3,000 किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला कायद्याने सूट आहे. पण ते शेतातला धान खातात आणि भरपाई सरकार भरतं. माझं कुणी खाल्लं तर तशी सोय नाही.

धान निघाला की दुसरा एक माल तयार असतो. त्याला दरपत्रक दाखवावं लागत नाही. आमच्याकडच्या बाया-माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. गाडीत मावतील तितकी भरायची, डोईमागे पैसे, वर पोरं फुकट. कपाट-कुलरपेक्षा कितीतरी जास्त सुटतात. मालाच्या गाडीत माणसं भरणं गुन्हा आहे आणि अशी गाडी उलटली की काय होतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. 2020च्या लॉकडाउनमध्ये ही माणसं तिकडेच अडकली. कितीतरी जण लेकरं काखेत घेऊन चालत घरी आले. तेव्हाही परतीचं कुणी धरलं नव्हतं.

अशा भाड्याला मी नाही म्हणतो. हे सांगायला मला आवडतं. पण लागोपाठ हप्ते तुंबल्यावरही आवडेल, अशी हमी बी.कॉम. झालेला माणूस देणार नाही. कपाटाला रास्त भाडं मिळालं, तर माणसं भरण्याचा मोह पडत नाही. यात अर्थशास्त्र फारसं नाही.

रिक्षाचं भाडं सरकार ठरवतं. मालवाहू गाडीचंही किमान आणि कमाल भाडं ठरवण्याचे निर्देश राज्य सरकार देऊ शकतं. 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या 67व्या कलमात तसं लिहिलं आहे. हे कलमही मी लॅमिनेट करून दरपत्रकाशेजारी लावलं. तेही लोक चष्मा लावून वाचतात.

तेव्हा सरकारचं सरकार बघेल, तुमच्याकडे एवढंच मागणं : गाडी सांगताना अंतर जाऊन-येऊन धरा आणि सामान उतरायला जितका वेळ लागेल, त्याचे पैसे आधीच बोलून घ्या. घासाघीस जरूर करा, पण डिझेलच्या वर.