वेडगळ कायद्याची थोरवी

जगातल्या विचित्र कायद्यांच्या याद्या लोक हसायला वाचतात. मला हे कायदे वंदनीय वाटतात. शहाणा दिसणारा कायदा आपला हेतू कलमा-पोटकलमांत दडवतो. वेडगळ कायद्याला ती विद्या येत नाही. सरकारला कशाची भीती वाटली, कशाचा मोह पडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तो चारचौघांत सांगून टाकतो.

इंग्लंडचा खिडकी कर या घराण्याचा मूळपुरुष शोभावा. तिसऱ्या विल्यमच्या कारकिर्दीत, १६९६ साली तो आला. लोक नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढून घेत होते आणि त्या कातरलेल्या नाण्यांची तूट सरकारला भरून काढायची होती. आधीचा चुलींवरचा कर १६८९ साली रद्द झाला होता, कारण चुली मोजायला सरकारी माणूस थेट घरात शिरे. खिडक्या मात्र रस्त्यावर उभे राहून मोजता येतात. श्रीमंताचे घर मोठे, मोठ्या घराला खिडक्या जास्त, म्हणून कर जास्त. दाराची कडीसुद्धा वाजवावी लागत नाही. एवढा सभ्य कर मूर्खाला सुचला नसता. वेडगळपणाला नेहमी हुशार माणसेच लागतात.

१७४७ साली या हुशारीला आणखी धार आली. दहा ते चौदा खिडक्यांच्या घराला दर खिडकीमागे सहा पेन्स कर बसला, पण तो सगळ्या खिडक्यांवर. म्हणजे नऊ खिडक्यांच्या घरात दहावी उघडली, की त्या एका खिडकीपायी पाच शिलिंग वाढत. लोकांनी हिशेब केला आणि दहावी खिडकी विटांनी बुजवली. इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या भिंतींवर अशा बुजवलेल्या चौकटी आजही दिसतात. सरकारने कर लावला श्रीमंतीवर, वसूल झाला उजेडावर.

ही किंमत श्रीमंतांनी मोजली नाही. शहरांत अनेक गरीब कुटुंबे एकाच इमारतीत भाड्याने राहत. कायद्याच्या लेखी ती सगळी इमारत म्हणजे एकच घर. कर मालकाने भरायचा होता, म्हणून मालकाने खिडक्या बुजवल्या, आणि अंधार, कोंदट हवा व आजार भाडेकरूंच्या वाट्याला आले. डॉक्टरांनी हे सांगितले, चार्ल्स डिकन्सने त्यावर टीका केली. तरी कर उठायला १८५१ साल उजाडावे लागले. दीडशेहून अधिक वर्षे एक देश हवा आणि उजेड मोजून विकत होता. हे इतके स्वच्छ शब्दांत दुसऱ्या कोणत्या कायद्याने शिकवले असते?

ब्रिटनचा १८६५ चा लाल निशाणाचा कायदाही असाच गुरू आहे. रस्त्यावर चालणाऱ्या यंत्रगाडीपुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल निशाण घेऊन चालणार, आणि शहरात तिचा वेग ताशी दोन मैल, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी. नव्या वस्तूची भीती वाटली की सत्ता ती वस्तू समजून घेत नाही, तिला आपल्या चालीने चालवते.

आपल्याकडेही १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यात जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायला सांगितले आहे. तेव्हा दहा रुपये ही मोठी रक्कम होती. कायद्यात आकडा लिहिला की तो त्या वर्षाचाच राहतो, रुपया मात्र थांबत नाही.

म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांना राज्यघटनेआधी खिडकी कर शिकवावा, आणि आमदार-खासदारांनाही शपथ घेण्यापूर्वी त्याचा एक धडा द्यावा. म्हणजे नवे विधेयक आले की ते दोन प्रश्न विचारतील: आपण हे मोजतो आहोत ते खरे म्हणून की मोजायला सोपे म्हणून? आणि यातून वाचण्यासाठी लोक काय बुजवतील, कोणाच्या घरातले? वेडगळ कायद्यांनी या प्रश्नांची उत्तरे स्वतःची अब्रू घालवून दिली आहेत. ज्यांना आज आपण शहाणे म्हणतो, त्या कायद्यांची परीक्षा अजून बाकी आहे.