साठीची थरथर

आजारी माणसापेक्षा आजारी गाडीला सल्ला देणारे जास्त भेटतात, कारण गाडी उलट बोलत नाही. माझ्या मेहुण्याने खारघरला १९६०चा एक फार्गो ट्रक आणून उभा केला, आणि सोसायटीतली निम्मी माणसं एका रात्रीत मिस्त्री झाली.

फार्गो हा डॉजचाच सख्खा भाऊ, फक्त कपाळावरचं नाव वेगळं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यातून दोन्ही नावांनी ट्रक विकायची. हा ट्रक रस्त्यावर आला तेव्हा नवी मुंबईच नव्हती. ती वसवणारी सिडको आली १९७०मध्ये, वाशीच्या खाडीवरचा पहिला पूल १९७३मध्ये. अशा वडीलधाऱ्याला मेहुण्याने पॉवर स्टेअरिंग बसवलं, मडगार्डबाहेर डोकावणारे रुंद रेडियल टायर घातले आणि पाठीला धक्के नकोत म्हणून पुढच्या कमानींतले दोन-दोन पाटे काढून टाकले. सरकारने २०२१ साली पन्नाशी ओलांडलेल्या जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची नंबरपट्टी आणली, पण अट मूळ रूपाची. इथे मूळ रूपात उरला होता तो हॉर्न.

पामबीच रस्त्यावर ताशी पन्नासच्या आसपास एखादा उंचवटा लागला की स्टेअरिंग हातात असं थाडथाड मारायचं की दोन्ही कोपरं नाचायची. वेग पार खाली आणेपर्यंत थांबायचं नाव नाही.

टायरवाला म्हणाला, बॅलन्सिंग. अलाइनमेंटवाला म्हणाला, अलाइनमेंट. तिसऱ्याने स्टेअरिंग डॅम्पर सुचवला, म्हणजे रोग आत तसाच आणि रोग्याला बोलायची बंदी. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी लिंबू-मिरची बदलायला सांगितली. खर्चाचा विचार करता त्यांचाच सल्ला मला सर्वांत पटला होता.

कळंबोलीला लोखंड बाजाराच्या मागे एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांनी मात्र हत्यार उचलण्याआधी विचारलं, “आपोआप सुटतं, की धक्का बसल्यावर?” प्रश्न साधा, पण अर्धं निदान त्यात होतं. चाकाचा तोल बिघडला असेल तर ठरावीक वेगाला हादरे येतात, वेग वाढवला की बरेचदा विरतात. धक्क्याने सुरू होऊन न थांबणारी थरथर वेगळी.

“भाऊजी, तुम्ही वर बसा,” मेहुणा म्हणाला. चाकं जमिनीवर, इंजिन चालू. मी स्टेअरिंग दोन-दोन बोटं डावीकडे-उजवीकडे हलवत राहिलो आणि मिस्त्री खाली गोणपाटावर आडवे झाले. त्यांनी काही पाहिलं नाही, एकेका सांध्यावर नुसता अंगठा ठेवला. स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या रॉडच्या, म्हणजे ड्रॅग लिंकच्या, टोकाशी ते थांबले. रॉड हलत होता आणि त्याच्या पुढचा आर्म किंचित उशिरा निघत होता. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं. चाक ज्या खुंटीवर वळतं त्या किंगपिनच्या बुशमध्येही थोडा प्ले निघाला. दोन्ही बदललं.

थरथर कमी झाली, गेली नाही.

मेहुण्याचा चेहरा बिलासारखा लांबला. मिस्त्री मात्र रस्ता ओलांडून पलीकडे गेले, बिडी पेटवली आणि ट्रककडे आडवं बघत राहिले. पाटे काढल्याने ट्रकचं नाक खाली गेलं होतं. नाक खाली गेलं की किंगपिनचा मागे असलेला कल कमी होतो. हा कल, म्हणजे कॅस्टर, चाकाला सरळ रेषेत ओढून धरतो. मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक जिथे जोडलेलं असतं त्याच्या मागे फरफटतं म्हणून ट्रॉली सरळ जाते, आणि तेच चाक जरा बिनसलं की गरागरा नाचतं. त्यात आमच्या बाहेर आलेल्या रुंद टायरांनी प्रत्येक खड्ड्याला किंगपिनवर जास्त तरफ मिळवून दिली. टायर नवा, स्टेअरिंग नवं, बुश नवे. एकेकट्याला विचारलं तर प्रत्येक जण निर्दोष.

मिस्त्रींनी ॲक्सल आणि कमान यांच्यामध्ये दोन-दोन अंशांच्या लोखंडी पाचरी घातल्या, जाड बाजू मागे. काढलेले पाटे मेहुण्याकडून परत मागवले, ते गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली सापडले. पाटे जागेवर बसवून यू बोल्ट आवळले. पामबीचवर पुन्हा तोच उंचवटा, पुन्हा पन्नास. स्टेअरिंग एकदा दचकलं आणि गप्प झालं.

आता टायरवाला सांगतो, बघा, बॅलन्सिंगचा फरक पडला. अलाइनमेंटवाल्याचंही तेच म्हणणं आहे. आणि चौथ्या मजल्यावरचे काका दर शनिवारी न चुकता पार्किंगमध्ये उतरून लिंबू तपासून जातात.