रडार डिटेक्टर : निवडावा कसा, लावावा कसा, लपवावा कसा

अमेरिकेत येऊन तुम्हाला वर्ष झालं. लायसन्स निघालं, कॅमरी आली, कॉस्टकोचं कार्ड आलं. एडिसनच्या कुठल्या दुकानात ताजी मेथी कोणत्या वारी येते, तेही पाठ झालं. नवखेपणाची एकच खूण उरली आहे : ६५ मैलांच्या रस्त्यावर तुम्ही अजून ताशी ६५ मैलांनीच जाता आणि शेजारून सगळी न्यू जर्सी पुढे निघून जाते. मंडळाच्या कोजागिरीला कुणी विचारलं, 'वॉशिंग्टन किती वेळात गाठलंत?' तर खरं उत्तर द्यावं लागतं. हा अपमान आम्ही समजू शकतो. पुढील पायऱ्या क्रमाने चढा. मध्येच उतरू नका, पैसे परत मिळत नाहीत.

१. आधी शत्रू ओळखा.

१८४२ साली प्रागमध्ये ख्रिश्चन डॉप्लर नावाच्या भल्या माणसाने जोडताऱ्यांच्या रंगांवर एक निबंध वाचला. लहरी सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लहरींची वारंवारता वाढते, लांब जात असेल तर घटते, असं त्याचं म्हणणं. बिचाऱ्याचं लक्ष आकाशात होतं. त्याच्या तत्त्वाचा सर्वाधिक उपयोग हायवेवरच्या झुडपाआड होईल, हे त्याला कोण सांगणार? पोलिसाची रडार गन लहर सोडते, ती तुमच्या गाडीवर आपटून परत जाते आणि वारंवारतेत पडलेल्या फरकावरून तुमचा वेग कळतो.

आता तुमची बाजू. गनला जाऊन-येऊन दमलेली लहर ऐकावी लागते. तुमच्या डिटेक्टरला मात्र जातानाचीच ताजी लहर मिळते. म्हणून पोलिसाला तुमचा वेग कळण्याआधी तुम्हाला पोलीस कळतो. सगळा धंदा ह्या एका वाक्यावर उभा आहे. हे वाक्य बायकोला नीट समजावून सांगा, कारण पुढचं वाक्य किमतीचं आहे.

२. थोडा इतिहास पाठ करा.

खरेदीचं समर्थन करताना इतिहासासारखा आधार नाही. तेलटंचाईमुळे १९७४ साली साऱ्या अमेरिकेत ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. रुंद, सरळ, रिकामे रस्ते आणि ५५! राष्ट्र दुखावलं. ओहायोतल्या डेटनच्या डेल स्मिथ ह्यांचं 'फझबस्टर' हे यंत्र त्याच काळात गाजलं. १९७८ मध्ये सिनसिनाटीहून 'एस्कॉर्ट' आला. त्याच्या दोन जनकांपैकी माइक व्हॅलेंटाइन पुढे वेगळे झाले आणि १९९२ मध्ये त्यांनी 'व्हॅलेंटाइन वन' काढला. लहर पुढून येते आहे, मागून की बाजूने, हे तो बाण दाखवून सांगतो. एकत्र धंदा करून वेगळं झालेल्या भागीदारांची गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

५५ ची मर्यादा १९९५ मध्ये उठली. डिटेक्टर राहिले.

३. निवड करा.

साधारण शंभर डॉलरपासून आठशेपर्यंत माल मिळतो. खोक्यावर एक्स, के आणि केए असे तीन बँड लिहिलेले असतात. एक्स म्हणजे १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, आता जवळपास निवृत्त. के म्हणजे २४ च्या आसपास. केए म्हणजे ३३.४ ते ३६, आणि हा वाजला की खरोखर घाबरायचं.

स्वस्त आणि महाग यंत्रांतला फरक मात्र खोक्यावर लिहिलेला नसतो. स्वस्त यंत्र सगळ्यालाच ओरडतं. महाग यंत्राला कुठे गप्प बसायचं ते कळतं. रोजच्या रस्त्यावरचे खोटे इशारे ते जीपीएसच्या मदतीने लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथे तोंड उघडत नाही. शंभर डॉलर बोलण्याचे, उरलेले सातशे न बोलण्याचे. हिशोब पटला तर पुढे चला.

४. जागा ठरवा.

उत्तम जागा म्हणजे समोरच्या काचेवर, आरशाजवळ, रस्ता सरळ दिसेल अशी. तिथे खाली डॅशबोर्डवर गणपती आधीपासून असेल. त्यांना हलवू नका. येणाऱ्या विघ्नाची सूचना देणं हे डिटेक्टरचं काम, ते टाळणं गणपतीचं. दोन्ही खाती वेगळी आहेत. कॅलिफोर्नियाच्या वाटेला जाणार असाल, तर काचेवर काही टांगण्याबाबत तिथले नियम कडक आहेत, एवढं ध्यानात ठेवा. म्हणजे तिथे यंत्र चालतं, टांगलेलं चालत नाही.

५. सराव करा.

पहिला आठवडा गावातच फिरा. यंत्र दर दोन मिनिटांनी किंचाळेल. गडबडून जाऊ नका, पोलीस नाहीत. सुपरमार्केटचे आपोआप उघडणारे दरवाजे ह्याच बँडांवर चालतात. शेजारून जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बाजूचं वाहन ओळखणारं छोटं रडार असतं, तेही के बँडवर. त्यामुळे पहिले काही दिवस तुम्ही औषधांच्या दुकानाच्या दाराला घाबरून करकचून ब्रेक माराल आणि मागचा हॉर्न वाजवेल. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. नेमका अनुभव असाच येतो.

महिन्याभरात तुम्हाला खोटा इशारा कानाने ओळखता येऊ लागेल. खऱ्यालाही तुम्ही खोटा समजू लागलात, की सराव पूर्ण झाला.

६. जे ऐकू येत नाही, त्याची यादी करा.

एक : काही पोलीस गन बंदच ठेवतात. तुम्ही टप्प्यात आलात की क्षणभर चालू करतात. तुमच्या पुढे कुणी बळी गेला असेल, तरच तुम्हाला आधी सुगावा लागतो. म्हणून नेहमी तुमच्याहून जोरात जाणारा एक मूर्ख पुढे राहू द्या. तो मिळाला नाही, तर मागच्या कुणाला तरी तो मिळालेला आहे, असं समजा.

दोन : लेझर. अवरक्त किरणांचा हा झोत तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो आणि तुमच्या नंबरप्लेटवर नेम धरून मारला जातो. अर्ध्या सेकंदाच्या आत वेग कळतो. डिटेक्टरवर 'लेझर' अशी अक्षरं उमटतात, तेव्हा तो इशारा नसतो, ती पोच असते.

तीन : व्हॅस्कार. रस्त्यावरच्या दोन खुणांमधलं अंतर माहीत असतं. पोलीस पहिल्या खुणेला बटण दाबतो, दुसऱ्या खुणेला पुन्हा दाबतो. अंतर भागिले वेळ. चौथीच्या स्कॉलरशिपला तुम्ही सोडवलेलं गणित. ह्यात लहर नाही, झोत नाही, त्यामुळे आठशे डॉलरचं यंत्र समाधी लावून बसतं.

चार : मागोमाग येणारा पोलीस. तो तुमच्याच वेगाने काही अंतर गाडी चालवतो आणि स्वतःचा काटा वाचतो. ह्यावर यंत्र नाही. ह्यावर आरसा आहे, पण त्यात तुमचं डिटेक्टरचं प्रतिबिंब बघणं चालू असतं.

शिवाय वेझसारखं फुकट ॲप फोनमध्ये आहेच, ज्यात पुढे गेलेले लोक पोलीस कुठे उभा आहे ते कळवत जातात. आपल्याकडे घाटात समोरचा ट्रकवाला दिव्याची उघडझाप करून सांगतो, तेच काम. त्याचा उल्लेख घरात करू नका.

७. आई-बाबांना घेऊन व्हर्जिनियाला जा.

ही परीक्षेची पायरी. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले आहेत, व्हाइट हाउस दाखवायचंय, मग ॲशबर्नच्या मावसभावाकडे मुक्काम. वॉशिंग्टन डीसी आणि व्हर्जिनिया, दोन्हीकडे डिटेक्टर बेकायदा. तो चालू असल्याचं पोलिसाला बाहेरून कळतं, कारण डिटेक्टरमधून स्वतःच्याच लहरी किंचित गळतात आणि त्या पकडणारं यंत्र पोलिसांकडे असतं. त्याला म्हणतात रडार डिटेक्टर डिटेक्टर. त्यावर कंपन्यांनी कमी गळणारे डिटेक्टर काढले. काहींनी तर हे पोलिसी यंत्र जवळ आल्याची सूचना देणारेही काढले. ही साखळी बाबांना समजावू नका. ते निवृत्त ऑडिटर असतील तर मध्येच थांबवून 'मूळ खर्च कशावर झाला?' असं विचारतील.

व्हर्जिनियाच्या कायद्यात एक मोकळी वाट आहे : यंत्राला वीज जोडलेली नसेल आणि ते चालकाच्या किंवा प्रवाशांच्या सहज हाताशी नसेल, तर गुन्हा नाही. तेव्हा मेरीलँडमध्येच थांबा, वायर काढा आणि यंत्र डिकीत आईने आणलेल्या भाजणीच्या डब्याखाली ठेवा. भाजणी कुणी तपासायला घेतलीच, तर डिटेक्टरचा विषय आपोआप मागे पडेल.

आणि इथे खरंच हळू चालवा. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैलांनी जास्त किंवा मर्यादा काहीही असो, ८५ च्या वर गेलात, तर तो बेदरकारपणाचा फौजदारी गुन्हा ठरतो. बारा महिन्यांपर्यंत कैद आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय व्हिसा आणि ग्रीन कार्डाच्या अर्जांमध्ये त्याचं स्पष्टीकरण लिहीत बसायचं, ते वेगळंच.

८. पकडले गेलात तर.

सर्वप्रथम, गाडीतून उतरू नका. 'साहेब, जरा ऐका ना' म्हणत पोलिसाच्या गाडीकडे चालत जाणं ही आपली सवय इथे जिवावर बेतू शकते. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. खिशाकडे हात नेऊ नका. पाकीट उघडून दाखवायचा विचारही नको. 'माझे मामा खात्यात आहेत' हे वाक्य घशातच ठेवा.

पोलीस विचारेल, किती वेगाने जात होतात, कल्पना आहे का? 'नाही' म्हणालात तर बेफिकीर, 'हो' म्हणालात तर कबुली. मध्यम मार्ग म्हणून केविलवाणा चेहरा करा. नुसती समज देऊन सोडणारे पोलीस असतात. मात्र ते तुमच्या चेहऱ्याकडे बघतात, तेव्हा त्याच्या बरोबर वर लाल दिवा लुकलुकत असेल, तर 'चुकून झालं, सर' ह्या वाक्याचं वजन कमी होतं.

न्यू जर्सीत १ ते १४ मैल जास्त असाल तर लायसन्सवर २ पॉइंट, १५ ते २९ ला ४, त्यापुढे ५. जन्मभर गुण वाढवत आलेल्या घरात ही मार्कशीट वेगळ्या पद्धतीने वाचावी लागते. विम्याची कंपनी ती फार लक्षपूर्वक वाचते.

९. फायदा मोजा.

एडिसन ते वॉशिंग्टन सुमारे २०० मैल. ६५ च्या वेगाने तीन तास पाच मिनिटं, ८० च्या वेगाने अडीच तास. वाचली पस्तीस मिनिटं. वाटेत मेरीलँड हाउसला बाबांची कॉफी, आईची स्वच्छतागृहाची रांग आणि 'इथे आलोच आहोत तर एक फोटो' ह्यात चाळीस जातात. राहिलेली उणे पाच मिनिटं हा तुमचा निव्वळ नफा. गुंतवणूक : यंत्र, विमा आणि मानेचा पट्टा.

१०. योग्य वेळी बाहेर पडा.

पुण्याच्या भाच्याला पाठवून द्यायचा मोह होईल. होऊ देऊ नका. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कमानींवरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि दोन ठिकाणांमधल्या वेळेवरून सरासरी वेगही काढतात. पुन्हा तेच चौथीचं गणित. मोकळ्या रस्त्याला १००, घाटात ६०. त्यापुढे गेलात की ई-चलान मालकाच्या फोनवर येतं आणि गाडी ताईच्या नावावर असते. भाच्याशी संबंध टिकवायचे असतील तर चॉकलेटं पाठवा.

त्यापेक्षा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाका. नुकताच आलेला, कॅमरी घेतलेला, ६५ ने जाणारा कुणीतरी तिथे असतोच. फोटो चांगला काढा, गणपती फ्रेमच्या बाहेर ठेवा. खोटं काहीही लिहू नका, त्याची गरज नाही. सरळ लिहा : 'उत्तम स्थितीत. वर्षभरात आमच्या गाडीला एकही तिकीट नाही.' कुणी खोदून विचारलंच, तर सांगून टाका, की वर्षभर यंत्र डिकीत आहे आणि गाडी बायको चालवते.