चावत नाही, लावा हात!

प्रति,
माननीय सहलप्रमुख (तहहयात),
सांस्कृतिक समिती, आपली गृहनिर्माण संस्था, पुणे.

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

दिवाळीच्या सुट्टीतली आपल्या संस्थेची सहल निर्विघ्न पार पडली. म्हणजे आपल्याला कोणी चावलं नाही. त्याबद्दल आपलं, आणि आपल्याहून जास्त त्या प्राण्यांचं, मनःपूर्वक अभिनंदन.

पहिले आभार वाराचे. मुळात आपण कात्रजला जाणार होतो. बुधवारी बस स्वस्त पडते हे आपल्या चाणाक्ष नजरेने बरोबर हेरलं. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारीच बंद असतं, ही क्षुल्लक बाब मात्र तिने मोठ्या मनाने सोडून दिली. बंद फाटकासमोर उभं राहून आपण “मग राणीच्या बागेत जाऊ, मुंबईला!” अशी गर्जना केलीत तेव्हा आमचा ऊर भरून आला. राणीची बाग १८६२ पासून भायखळ्यात लोकांची वाट पाहत उभी आहे आणि तीही बुधवारीच सुट्टी घेते. एका सकाळी दोन प्राणिसंग्रहालयं न पाहण्याचा विक्रम आपल्या नावावर लागायला हरकत नाही.

पण हात हलवत परतणं आपल्या रक्तात नाही. लगेच हायवेलगतचं आपल्या ओळखीतलं एक ‘इंटरॅक्टिव्ह झू’ निघालं, वर माणशी सवलतही निघाली. खरं सांगायचं तर हेच उत्तम झालं. कात्रजला काय, वाघ खंदकापलीकडे. त्याच्या मनात आलं तर आपल्याकडे पाठ करून झोपतो. तिकीट काढलेल्या माणसाने हा अपमान किती वर्षं गिळायचा? आपण नेलंत तिथे ती भीतीच नव्हती. प्राणी टोपलीत, टेबलावर, लोकांच्या मांडीवर. पाठ फिरवायला जागाच ठेवली नव्हती.

दारातच मी आगाऊपणा केला. लोकांना दाखवण्यासाठी वन्य प्राणी ठेवायचे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. ते प्राधिकरण १९९२ पासून याच कामासाठी आहे. म्हणून मान्यतेचा कागद कुठे लावलाय, एवढंच विचारलं. “अहो, आपण सहलीला आलोय की तपासणीला?” असं म्हणून आपण माझ्या हातात वेलचीचा चहा दिलात. कायद्याची इतकी गोड समजूत मला आजवर कोणी घातली नव्हती.

मग अजगर. पश्चिम आफ्रिकेतला हा बॉल पायथन घाबरला की अंगाचं वेटोळं करतो आणि डोकं आत दडवतो. त्या दिवशी तो चेंडूसारखा घट्ट झाला होता. आपण तो सर्वांना दाखवून म्हणालात, “बघा, लाजतोय कसा!” आणि एकेक वेटोळं उलगडून तो सेक्रेटरींच्या गळ्यात घातलात. फोटोही सुरेख आला आहे. सापाला पापण्या नसतात. त्यामुळे आपल्या ग्रुप फोटोत डोळे न मिटलेला तेवढा तोच आहे.

सशाच्या बाबतीत आपलं कौशल्य तर अवर्णनीय. आपण त्याला कान धरून उचललंत, उताणं केलंत आणि तो निपचित पडल्यावर “किती शांत आहे बघा” म्हणून बायकांकडून टाळ्या घेतल्यात. ससा हा जन्मभर कोणाची तरी शिकार होण्याच्या भीतीत जगणारा जीव. पकडला गेला, सुटका नाही असं वाटलं की तो असाच थिजतो. पण हे सांगून टाळ्यांचा बेरंग करणं मला बरं वाटलं नाही.

शिवाय आपण त्याला घरची चकली भरवलीत. हे आतिथ्य! सशाला जन्मभर लागतं ते गवत. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. भाजणी, तेल, तिखट हा पाहुणचार त्याच्या पूर्वजांनी कधी अनुभवलेला नाही. त्यातून सशाला उलटी करता येत नाही. त्यामुळे आपली चकली त्याने साभार परत केली नाही, याचा अर्थ ती त्याला आवडली असा आपण काढलात. आपण आशावादी आहात.

भर दुपारी आपण हेजहॉगला झोपेतून उठवलंत, तेही विसरता येणार नाही. आपण त्याची ‘साळिंदराचं पिल्लू’ अशी ओळख करून दिलीत. साळिंदर उंदराच्या गोतावळ्यातलं, आणि याचा त्याच्याशी संबंध केवळ काट्यांपुरता. पण नातीगोती जुळवण्यात आपला हात कोण धरणार? हा प्राणी रात्री हिंडतो आणि दिवसा झोपतो. आपल्या मजल्यावरच्या एका चिमुरडीने विचारलं, “काका, याला झोप आली असेल ना?” आपण उत्तर दिलंत, “प्रश्न नंतर, आधी फोटो.” ही सहल शैक्षणिक आहे असं नोटीस बोर्डावर छापलं होतं, त्याचा पुरावा मिळाला.

इग्वाना हा शाकाहारी निघाला, म्हणून आपण त्याला उकडलेलं अंडं देऊ केलंत. त्याने तोंड फिरवलं. तेव्हा आपण वरून डोक्यावर हात फिरवून त्याची समजूत काढू लागलात. इग्वानाच्या माथ्यावर एक तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली तेवढी कळते. वरून सावली आली की रानात ती बहुधा शिकारी पक्ष्याची असते. महादेवाच्या तिसऱ्या डोळ्यात आग असते, याच्यात फक्त धास्ती. म्हणूनच आपण आजही आमच्यात आहात, हे भाग्य आमचं.

आणि तो मकाव! दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला एवढा देखणा पक्षी, पण छातीवर एकही पीस नव्हतं. “उकडतं ना त्याला,” असं आपण मुलांना समजावलंत. नोव्हेंबर होता. पिंजऱ्यात कंटाळलेले, एकटे पडलेले पोपट स्वतःची पिसं स्वतः उपटतात, असं पक्ष्यांचे डॉक्टर सांगतात. पण त्यांना आपल्यासारखं मुलांशी सोप्या भाषेत बोलता येत नाही. मग आपण त्याच्या कानाशी “मिठू मिठू” म्हणत राहिलात. तो काहीच बोलला नाही. आपल्यापुढे कोण बोलणार?

कायद्याचं आपलं ज्ञानही तिथेच कळलं. “आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवला तर गुन्हा. हा परदेशी, याला सगळं माफ!” असं आपण ठासून सांगितलंत. पहिलं वाक्य अगदी खरं. दुसरं २०२२च्या दुरुस्तीपर्यंत खपून गेलं असतं. आता आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींच्या यादीतला परदेशी प्राणी ठेवायचा, तर २०२४च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. तेव्हा निम्म्या गुणांनी का होईना, आपण उत्तीर्ण आहात.

जेवणाची व्यवस्था तर राजेशाही. अजगर, इग्वाना, कासव असा सगळ्यांना हात लावून झाल्यावर आपण त्याच हातांनी, नळाकडे न बघता, श्रीखंड-पुरी वाढायला घेतलीत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात आणि लहान मुलांना त्यांचा त्रास जास्त होतो, म्हणून साबणाने हात धुवावेत असं म्हणतात. पण आपण प्रत्येक पानावर इतक्या प्रेमाने अंगठा टेकवलात की साबण मागणं उद्धटपणा झाला असता.

जेवणानंतरच्या अंताक्षरीबद्दल प्राणी अजून बोलत असतील. आपण बसमधला स्पीकर काढून थेट पिंजऱ्यांसमोर मांडलात, तेही संगीतप्रेमी आहेत म्हणून. वन्यजीव कायद्याचं ३८-जे हे कलम जरा अरसिक आहे. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना छेडणं, खाऊ घालणं, गोंगाटाने त्रास देणं, कचरा टाकणं हे सगळं ते एकाच दमात गुन्हा ठरवतं, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुपारी तीनपर्यंत आपण त्या कलमातला एकही शब्द वाया जाऊ दिला नव्हता.

या सगळ्यात तिथल्या पोऱ्याची एक ओळ माझ्या कानात बसली आहे, जी आपण दिवसभर त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणत होतात: “चावत नाही, लावा हात!” प्राण्याबद्दल आपल्याला हवी असलेली सगळी माहिती एवढ्यात मावली. तो कुठला, काय खातो, कधी झोपतो, कशाला भितो, यातलं काहीच आमच्या मुलांनी घरी आणलं नाही. घरी आलं ते एवढंच, की जो ओरडत नाही त्याला आपला हात चालतो.

पुढची सहल ‘डॉल्फिनसोबत पोहणे’ अशी आपण ग्रुपवर जाहीर केली आहे. आपल्या उत्साहाला तोड नाही. पण डॉल्फिनचे खेळ भरवायला केंद्र सरकारने २०१३ मध्येच मनाई केली आहे. नम्र सूचना एवढीच, की हिवाळ्यात भिगवणला जाऊ. उजनीच्या पाणपसाऱ्यावर रोहित उतरतात. होडी फार जवळ गेली की थवा उडून जातो. असली सोय असलेल्या ठिकाणी आपल्याला घेऊन जायला मला मनापासून आवडेल.

तोपर्यंत, आपल्या प्राणिप्रेमाचा जाहीर सत्कार व्हावा असा ठराव मी वार्षिक सभेत मांडतो आहे. कार्यक्रमाची रूपरेषा अशी: आपल्याला रात्री दोन वाजता उठवण्यात येईल. संस्थेतली सर्व मुलं रांगेने येऊन आपले कान ओढतील. प्रत्येक सभासद आपल्याला एकदा उचलून घेईल व फोटो काढेल. अल्पोपाहार म्हणून आपल्याला ताजं गवत देण्यात येईल. खोलीला दार असेल, पण ते बाहेरून लावलेलं. समारंभात आपण गप्प राहिलात, तर आपल्याला फार मजा येत आहे असं समजून कार्यक्रम आणखी तासभर वाढवण्यात येईल.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपला नम्र,
वर्गणी वेळेवर भरलेला एक सभासद

ता. क. : भाषणाची संधी आपल्याला देता येणार नाही. त्या प्राण्यांनाही ती मिळाली नव्हती.