शकुंतलाबाईंची खरी भानगड

अहो जोशीवहिनी, काल रात्री 'कुंकू' पाहिलात की नाही? मग त्यातली काकासाहेबांची शिकलेली मुलगी आठवते ना, समाजकार्य करणारी? १९३७ सालचा सिनेमा, पण बाई कशी वावरते बघा. ती कोण माहितीये? शकुंतला परांजपे. हो, रँग्लर परांजप्यांची मुलगी. हो हो, सई परांजप्यांची आई. बघा, तुम्हीसुद्धा तेच म्हणालात! सगळं पुणं तेच म्हणतं. अलीकडे वडील, पलीकडे मुलगी, आणि मधली बाई गुल.

आधी मसाला देते, नाहीतर पुढचं तुम्ही ऐकायच्या नाहीत. नवरा रशियन होता. चित्रकार, युरा स्लेप्त्झॉफ नावाचा. बाई केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकल्या, मग जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत नोकरी केली. १९३८ साली सई झाली आणि लवकरच दोघं विभक्त झाली. आपल्या मुंबई इलाख्यात हिंदू लग्नांसाठी घटस्फोटाचा कायदाच मुळी १९४७ साली आला, तेव्हा लोकांनी काय काय चघळलं असेल याचा अंदाज करा. बाईंनी मात्र मुलगी माहेरी वाढवली. आणि वाढवली म्हणजे कशी? सईचं परीकथांचं पुस्तक छापलं गेलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. आपली नातवंडं आठव्या वर्षी मोबाइल सोडत नाहीत, ते जाऊ दे.

झाला मसाला. पण इतकी मोठी भानगड या गावाच्या नाकासमोर चालली होती आणि तिच्याबद्दल कोणी गप्पाच मारल्या नाहीत! बाई लोकांच्या बायकांना दिवस जाणं कसं टाळायचं ते सांगत होत्या. चारचौघांत, स्पष्ट मराठीत.

त्याची सुरुवात रघुनाथराव कर्व्यांनी केलेली. अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव. परांजपे-कर्वे नात्यातलेच, तेव्हा बंडखोरी घरचीच म्हणा. रघुनाथराव विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. कॉलेज मिशनऱ्यांचं, त्यांना हे संततिनियमन चालेना, म्हणून यांनी नोकरी सोडली. १९२१ साली मुंबईत केंद्र काढलं. मेरी स्टोप्सबाईंनी लंडनला काढलं तेही त्याच साली, म्हणजे आपण काही मागे नव्हतो. मग १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक. मुखपृष्ठावर उघडी बाई! वाचणारे म्हणे लपवून वाचायचे. मला विचाराल तर ती चित्रं नसती तरी चाललं असतं, पण आतला मजकूर खणखणीत होता. बाईलाही इच्छा असते आणि तिलाही सुख मिळालं पाहिजे, असं हा माणूस छापत होता. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकील कोण होते? बाबासाहेब आंबेडकर. हरले हो, दंड भरावा लागला. पण वाचकांनी शरीराबद्दल प्रश्न विचारले तर त्यांना उत्तर द्यायचं की नाही, हे कोर्टात बोललं तरी गेलं.

या सगळ्यात मालतीबाई कुठे असतात सांगा. रघुनाथरावांची बायको. मूल होऊ द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं, नोकरी गेली, खटले झाले, नातेवाईक दुरावले, आणि संसार तर तिनेच केला असणार ना? सिनेमा निघाला, नाटक आलं, पण नाव रघुनाथरावांचं. बाईचं शरीर या लढाईच्या मधोमध होतं आणि बाई स्वतः कुठेतरी कोपऱ्यात.

आता बोलते ते जरा हळू ऐका. तेव्हा गोळ्या नव्हत्या, तांबी नव्हती. निरोध आणि लाल त्रिकोण तर पुढे सरकारने आणले. बाईच्या हातात होती ती रबरी टोपी. ती घ्यायची तर आधी कोणीतरी जाणकाराने आतून तपासून माप घ्यायचं. बाळंतपण झालं की माप बदलतं, म्हणजे पुन्हा जायचं. रात्री आधी बसवायची, नंतर काही तास तशीच ठेवायची, मग काढून धुवायची, पुसायची, पावडर लावून डबीत ठेवायची. आता डोळ्यांसमोर आणा, चाळीतली दहा बाय दहाची खोली. सासू, नणंद, दोन मुलं एका अंथरुणावर, नळ सगळ्यांचा मिळून एक, आणि मोरीला दार म्हणजे गोणपाट. कुठे धुवायची आणि कुठे वाळत घालायची? कर्वे लिहीत होते, परांजपेबाई सांगत होत्या, डॉक्टर शिकवत होते, पण बायकोला कडीचं दार कोण देणार? पुस्तकांत उपाय असतो, हा चाळीतला भाग कधी येत नाही. पुरुषांना ना माप ना धुणं. तरी दवाखान्याचा रस्ता कोणाला धरायला लागायचा ते तुम्हाला माहितीच आहे.

आणि वर उपदेश. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगरबाई अमेरिकेहून वर्ध्याला गांधीजींना भेटायला आल्या होत्या. गांधीजींचं म्हणणं, ब्रह्मचर्य पाळा, संयम ठेवा. महात्मे ते, त्यांना जमेल. पण रात्री संयम कोणी ठेवायचा हे बायकोच्या हातात कधी होतं का हो?

याच सुमारास पुण्यात दुसरी चर्चा होती. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, विभावरी शिरूरकर या नावाने. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातलं सगळं बाहेर. ही विभावरी कोण म्हणून लोकांनी जंग जंग पछाडलं. बाळूताई खरे निघाल्या, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांनी निदान पडद्याआडून लिहिलं. शकुंतलाबाई स्वतःच्या नावानिशी वावरल्या.

नाही हो, त्यांना देवी करून मखरात बसवायचं म्हणत नाही मी. या संततिनियमनवाल्या मंडळींत 'सुप्रजा' नावाचं एक खूळ होतं, म्हणजे अमक्यांनी मुलं जन्माला घालावीत, तमक्यांनी नकोत. त्याची फळं पुढे आणीबाणीत आपण पाहिलीच. गरिबाला धरून नसबंदी! बाईची सोय म्हणून सुरू झालेलं काम देशाची लोकसंख्या मोजण्यापाशी जाऊन थांबलं, हे मला नेहमी टोचतं. बाई १९५८ ते ६४ विधान परिषदेत होत्या, मग राज्यसभेत सहा वर्षं. कुटुंबनियोजन हा विषय त्यांनी सोडलाच नाही. १९९१ साली पद्मभूषण मिळालं, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी. गेल्या २००० साली. आणि तुम्ही मला विचारताय, कुंकू लावत होत्या का!

काय? काय म्हणालात? तुमच्या सासूबाईंच्या ट्रंकेत? केव्हा सापडली? डबीत पावडर आणि आत तडे गेलेलं रबर... अहो वहिनी! आणि तुम्हाला वाटलं बाळाच्या बाटलीचं बूच? तरीच त्यांना दोनच मुलं! आम्ही आळीतल्या सगळ्या इतकी वर्षं धरून चाललो होतो की माउली नाजूक प्रकृतीची. पण मग माप कोणाकडे घेतलं असेल त्यांनी? थांबा, हलू नका, दूध गॅसवर आहे, तेवढं बंद करून आलेच.